दोन रिंगा, एक वाटी

आईचा आणि माझा एक करार होता. रोज सकाळी अंघोळ, पूजा आटोपली की तिने माझ्या ऑफिसातल्या टेबलावरच्या फोनला दोन रिंगा द्यायच्या आणि रिसीव्हर ठेवून द्यायचा. मी उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे ती ठीक आहे. हे माझं कलम. दुसरं कलम तिचं होतं: रिंगा येत आहेत तोवर ‘गुडगावला आमच्याकडे राहायला ये’ हा विषय मी काढायचा नाही.

बाबा गेल्यावर ती दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायला लागली, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळात द्वारकेत सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या आणि मेट्रोसाठी सगळीकडे खणून ठेवलं होतं. आमच्या गुडगावच्या घरात तिची खोली तयार होती. पलंग, कपाट, देवांसाठी कोनाडा, रात्री उठल्यावर धरायला बाथरूममध्ये दांडा. मी कामं लिहून काढते आणि एकेक खोडत जाते, त्यामुळे खोलीतलं काही राहिलं नव्हतं. राहिली होती ती फक्त आई.

“मी काय तुमचं मशीन आहे का, रोज ‘चालू आहे’ म्हणून कळवायला?” ती करार करताना म्हणाली होती.

“मशीन कुरकुर करत नाही,” मी म्हटलं.

“मग आण एक मशीन. ठेव त्या खोलीत.”

तिला द्वारका का सोडायची नव्हती याचं कारण खालच्या मजल्यावर राहत होतं. बाबांची नोकरी केंद्र सरकारची. आमचं सगळं बालपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. तिथे आमच्या शेजारी एक पंजाबी कुटुंब होतं, आंटींचं. बाबांचं आणि आंटींच्या यजमानांचं सरकारी खातं एकच, म्हणून निवृत्तीच्या वेळी दोघांनी एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले. आम्ही वर, ते खाली. पुढे आंटींचे यजमान गेले, मग आमचे बाबा गेले. आंटींचे दोन्ही मुलगे बाहेरच्या देशात. उरल्या या दोघी. आई त्यांना ‘बहनजी’ म्हणायची, त्या आईला ‘भाभीजी’ म्हणायच्या, आणि इतक्या वर्षांत दोघींपैकी एकीनेही दुसरीला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही.

त्यांच्यात विरजणाची एक पद्धत होती. दही लावायला आदल्या दिवशीचं चमचाभर दही लागतं. कोणीही शहाणी बाई ते आपल्याच दह्यातून बाजूला काढून ठेवते. या दोघी ठेवत नसत. आज आंटींनी आईला वाटीतून विरजण द्यायचं, उद्या आईने आंटींना. जिची पाळी असेल ती सकाळी दूध कोमट व्हायच्या सुमाराला वाटी घेऊन जिना चढायची किंवा उतरायची. वाटी एकच होती, आंटींची, स्टीलची, कडेला त्यांच्या यजमानांचं नाव कोरलेली. ती वर-खाली फिरत राहायची. क्वार्टरमध्ये असताना हे सुरू झालं होतं, बहुधा एखाद्या उन्हाळ्यात कोणाचं तरी दही फारच आंबलं म्हणून. पुढे कारण संपलं तरी वाटी थांबली नाही.

मला हे बघवत नसे. “अगं, चमचाभर काढून ठेव ना फ्रिजमध्ये. तिच्या गुडघ्यांना जिना, तुझ्या गुडघ्यांना जिना. कशासाठी?”

“काढून ठेवलं तर मागायला कशाला जायचं?” आई म्हणायची आणि उरलेलं दही माझ्या ताटात वाढून भांडं रिकामं करायची.

मी तेव्हा गुडगावला एका कंपनीत होते. आम्ही परदेशातल्या एका विमान कंपनीचं बुकिंग सांभाळायचो. त्यासाठी दोन सर्व्हर जोडीने ठेवलेले होते. एक काम करायचा, दुसरा तयार बसून राहायचा. दोघांमध्ये एक थेट केबल होती आणि तिच्यावरून ते एकमेकांना सतत विचारत असायचे, ‘आहेस का?’ ‘आहे.’ ‘आहेस का?’ ‘आहे.’ पहिल्याचं उत्तर येईनासं झालं की तो मेला असं धरून दुसऱ्याने काम हातात घ्यायचं. माझ्याबरोबर काम करणारा इंजिनिअर पाटण्याकडचा होता, म्हणून मी त्याला पाटणेकर म्हणायचे. मुनिरक्यात खोली घेऊन राहायचा. तो म्हणायचा, “मॅडम, ये तो पूरा सास-बहू का सिस्टम है. दोनों बैठके एक-दूसरे की साँस गिन रही हैं.”

एकदा काय झालं, सर्व्हर ज्यातून बाहेरच्या जगाशी जोडले होते तो स्विच, म्हणजे जिथे सगळ्या केबल्स येऊन मिळतात तो डबा, बंद पडला. थेट केबल मात्र शाबूत. त्यामुळे दोन्ही सर्व्हर एकमेकांना ‘आहे, आहे’ म्हणत राहिले. आमच्या पडद्यावर दोघांसमोर हिरवा दिवा. आणि तिकडे कोणालाही तिकीट काढता येत नव्हतं. आमच्या साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, “हरा दिख रहा है और क्लाइंट रो रहा है. ये कौन सा हरा है, भाई?”

त्यानंतर नेटवर्क तुटलं तर ते ओळखण्याची व्यवस्था लावायचं काम माझ्याकडे आलं. काम तसं सरळ होतं. सर्व्हरने फक्त जोडीदाराला विचारून भागणार नाही, बाहेरच्याही एखाद्या पत्त्याला अधूनमधून हाक मारायची. तिथून उत्तर आलं नाही तर समजायचं की आपली बाहेरची वाट तुटली आहे, आणि काम दुसऱ्याच्या हवाली करायचं. मला ठरवायच्या होत्या तीन गोष्टी. हाक कोणाला मारायची, किती वेळाने मारायची, आणि किती हाका वाया गेल्यावर वाट तुटली म्हणायचं.

तिसऱ्या गोष्टीवर आमचा बराच वाद झाला. पाटणेकरचं म्हणणं, थांबू नये, एक हाक वाया गेली की बस. मी म्हटलं, अशाने दिवसभर नुसती पळापळ होईल. जरा कुठे खोकला आला की बाई गेली म्हणून रडायचं का?

“और ज़्यादा रुके, तो मैडम, तेरहवीं पर ही पहुँचेंगे,” तो म्हणाला.

शेवटी तीन हाकांवर तडजोड झाली. त्याच आठवड्यात मी आईच्या करारातही सुधारणा केली. रिंगा आल्या नाहीत तर मी थोड्या-थोड्या वेळाने तीनदा तिला फोन करायचा. तिने उचलला नाही तर खाली आंटींना. त्यांनीही उचलला नाही तर गाडी काढायची. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून मी तिच्या फोनच्या वर चिकटवलं. आईने चष्मा लावून ते वाचलं आणि खाली जाऊन आंटींना सांगून आली. आंटी मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “बेटा, इतना हिसाब? हमें पता चल जाता है. दही नहीं आया तो हम ऊपर चले जाते हैं, बस.”

मी हसून मान हलवली. मला तेव्हा उशीर होत होता.

थंडी नुकती सुरू झाली होती, तेव्हाची सकाळ. आम्ही नव्या व्यवस्थेची चाचणी घेत होतो. सर्व्हरच्या खोलीत बारा महिने गारठा, म्हणून मी स्वेटरवर शाल घेतली होती. पाटणेकर एकेक केबल उपटत होता आणि मी काय होतं ते लिहून घेत होते.

“आज पहले किसको मारें?” त्याने विचारलं.

पहिल्या सर्व्हरची केबल काढली, दुसऱ्याने काम घेतलं. दुसऱ्याची काढली, पहिल्याने घेतलं. सगळं ठरल्याप्रमाणे. मग मी म्हटलं, ज्या पत्त्याला हाक मारतोय तोच बंद करून बघू. त्याने त्या पत्त्यावरचा राउटर बंद केला. आणि दोन्ही सर्व्हर एकदमच मागे सरले. दोघांच्याही हाकेला उत्तर आलं नाही, त्यामुळे दोघांनाही वाटलं, बिघाड आपल्यातच आहे, काम दुसऱ्याने घ्यावं. दोन धडधाकट मशीनं आणि काम करायला कोणी नाही.

“दोनों शरीफ़ निकले,” पाटणेकर म्हणाला.

मी वहीत लिहिलं की एकाच पत्त्यावर भरवसा ठेवता येणार नाही, निदान दोन हवेत. ते लिहीत टेबलापाशी आले तेव्हा लक्षात आलं की त्या दिवशी रिंगा आलेल्या नाहीत. खोलीतल्या पंख्यांच्या आवाजात मला ऐकू आल्या नसतील असं आधी वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, “नहीं मैम, आज मम्मी की रिंग नहीं आई.” सगळ्या ऑफिसला ती रिंग माहीत होती.

मी फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. थोड्या वेळाने पुन्हा लावला, मग पुन्हा. मग आंटींचा नंबर लावला. तिथेही घंटी वाजत राहिली आणि कोणी उचललं नाही. मी गाडीची किल्ली घेतली. पाटणेकर दारात उभा होता. त्याने माझ्या हातातली वही काढून घेतली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

गुडगावहून द्वारकेचा रस्ता तेव्हा ट्रकांनी भरलेला असायचा. वाटेत मी मनात कामं लावत गेले. आधी नाडी बघायची. मग कोपऱ्यावरचे डॉक्टर. मग ह्यांना फोन, मग भावाला. असं ओळीने लावलं की डोकं ताळ्यावर राहतं, हा माझा अनुभव. सोसायटीच्या फाटकाबाहेर रस्ता नव्याने खणलेला होता. गाडी बाहेरच सोडून मी चालत आत गेले.

आमचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर दुधाचं भांडं. मी हात लावून पाहिला तर दूध गार झालेलं. दही लावलेलं नव्हतं. आई कुठेच नव्हती.

मग खालून माणसांचे आवाज आले.

आंटींच्या घराचं कुलूप तोडलेलं होतं. आत शेजारपाजारचे लोक, सोसायटीचा चौकीदार, कोपऱ्यावरचे डॉक्टर. आंटी पलंगावर होत्या, अंगावर शाल ओढलेली. पहाटे केव्हातरी गेल्या असाव्यात असं डॉक्टर म्हणाले. आई पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती. मला बघून ती म्हणाली, “तुला कसं कळलं?”

“तुझी रिंग आली नाही म्हणून आले.”

“रिंग?” तिला ते आठवायलाच वेळ लागला. “अगं, फोन सकाळपासून मेलेत. पूर्ण ब्लॉकचे. बाहेर खणताना केबल तोडली म्हणे. मी तुला कळवणार कशी? हिच्या मुलांनाही अजून कळवलं नाही.”

म्हणजे मी फोनवर ऐकत होते ती घंटी कोणत्याच घरात वाजत नव्हती. दोन नंबर ठेवले होते, पण दोन्ही एकाच तुटलेल्या केबलवर. आणि त्या दोन नंबरांपैकी एकावर सगळं ठीक होतं आणि एकावर काहीच उरलं नव्हतं. मला मात्र दोन्हीकडे अगदी सारखीच घंटी ऐकू आली होती.

आईला कळलं ते असं. त्या दिवशी पाळी आंटींची होती. दूध कोमट झालं, मग गार झालं. आई थोडा वेळ थांबली, मग गुडघा धरत जिना उतरली. बेल वाजवली, हाका मारल्या, आणि मग चौकीदाराला बोलावलं. “ती विसरणारी नाही,” ती मला पुन्हापुन्हा सांगत होती, जणू काही मी तसं म्हटलं होतं. “आत जाऊन बघ. विसरलेली नाही ती.”

मी आत जाऊन पाहिलं. आंटींच्या ओट्यावर ती स्टीलची वाटी होती. रात्रीच तयार करून ठेवलेली, वर ताटली झाकलेली. आत चमचाभर दही.

मी माझ्या मोबाइलवरून आंटींच्या मुलांना कळवलं. पुढची सगळी कामं मीच केली, ती मला येतात. मुलगे आले, विधी झाले, फ्लॅटला कुलूप लागलं. जाताना त्यांनी आईला विचारलं, आठवण म्हणून काय हवं? आईने वाटी मागितली. धाकटा मुलगा वाटीवरचं वडिलांचं नाव वाचत जरा वेळ उभा राहिला आणि मग ती तिच्या हातात ठेवून निघून गेला.

फोन दुरुस्त झाले. दुसऱ्या दिवसापासून रिंगा पुन्हा सुरू झाल्या. रोज सकाळी दोन, अगदी वेळेवर, पूर्वीपेक्षाही वेळेवर. ऑफिसात आमच्या नव्या व्यवस्थेला आता वेगवेगळ्या वाटांवरचे दोन पत्ते होते आणि तीही नीट चालत होती. पडद्यावर सगळं हिरवं. मी करार पाळला. विषय काढला नाही.

रविवारी गेले की दिसायचं, ती चमचाभर दही फ्रिजमध्ये बाजूला काढून ठेवते आहे. ज्यासाठी मी वर्षानुवर्षं तिच्यामागे लागले होते, ते ती आता न चुकता करत होती. आंटींच्या त्या शेवटच्या वाटीतलं विरजण तिने त्याच संध्याकाळी दुधाला लावलं होतं, आणि तेच दही एका दिवसातून दुसऱ्या दिवसात नेत होती. बाकी ती जिना उतरत नव्हती. भाजी चौकीदार आणून द्यायचा. एका रविवारी बाल्कनीत तुळशीच्या मंजिऱ्या खुडता खुडता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “ती खोली रिकामीच आहे ना अजून?”

मला वाटलं होतं की या प्रश्नाचा मला आनंद होईल. मी इतकंच म्हटलं, “आहे.”

“अच्छा,” ती म्हणाली. “मग चलो. रिंग देऊन देऊन कंटाळा आला.”

सामान मी लिहून काढलं, खोके मोजून भरले. ती गाडीत पुढच्या सीटवर बसली. मांडीवर रुमालात बांधलेली वाटी, आत विरजण. खड्डा आला की दोन्ही हातांनी ती उचलून धरायची. गुडगावला पोचल्यावर देवांच्या आधी तिने दूध तापवलं.

आमची इमारत उंच, लिफ्टची. मजल्यावर समोरासमोर दोन दारं. समोर एक तरुण जोडपं राहायचं, दोघंही दिवसभर बाहेर. आई महिनाभर त्यांचे आवाज ऐकत होती: दार केव्हा उघडतं, लिफ्ट केव्हा थांबते, कोण शिंकतं. मला जेवताना सांगायची, “समोरच्या मुलीला सर्दी झाली आहे.”

एका शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर दह्याचं भांडं घासून पालथं घातलेलं. फ्रिज उघडून पाहिला, तिथेही विरजण नव्हतं.

“आई, विरजण कुठे आहे?”

“सकाळी सगळ्यांच्या पोह्यांवर घातलं. संपलं.”

“सगळं? आंटींचं होतं ना ते?”

“हो. तिचंच होतं.” तिने वाटी पदराने पुसली. कोरलेल्या अक्षरांतूनही पदराचं टोक फिरवलं. “पण घरात असताना मागायला कसं जायचं?”

ती समोरच्या दारापाशी गेली. मी आमच्या दारात उभी राहिले. बेल वाजवून ती केस सारखे करत थांबली. मुलीने दार उघडलं, कानाला मोबाइल. आईने वाटी पुढे केली आणि म्हणाली, “बेटा, थोड़ा जामन मिलेगा?”

मुलीने फोन बाजूला धरला. “क्या, आंटीजी?”

“जामन. दही जमाने के लिए. थोड़ा सा दही.”

“ओह, दही! एक मिनट.” ती धावत आत गेली आणि दह्याचा एक मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन आली, सील न तोडलेला. “आंटीजी, हम तो बाज़ार का ही लाते हैं. ये पूरा ले लीजिए. अरे नहीं नहीं, वापस बिल्कुल मत करना, प्लीज़. कुछ भी चाहिए हो तो बताइएगा.” मग हसली, मान झुकवून नमस्कार केला आणि फोन पुन्हा कानाला लावत दार लावून घेतलं.

आई परत आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात रिकामी वाटी. ती ओट्यापाशी गेली आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला.

“चांगली आहे मुलगी,” ती म्हणाली. “अख्खा डबा दिला. मला परत द्यायला काही ठेवलंच नाही तिने.”

मग तिने वाटी धुतली, पुसली, आणि वरच्या फळीवर, माझा हात पोचतो पण तिचा पोचत नाही अशा जागी ठेवायला माझ्याकडे दिली.